एका दिवसाची सहल कशी आखावी? (कामरेज ते सोनगड व उकाई)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी सातवीच्या वर्गाने आमच्या टेबलावर एक अर्ज आणून ठेवला. अर्ज दोन ओळींचा होता. "आम्हांला एक दिवसाच्या सहलीला जायचे आहे. कृपया न्यावे." खाली चौदा सह्या होत्या.

अर्ज लहान असला तरी उत्तर सोपे नव्हते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका परत आल्या नाहीत. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्या आठवड्यात आपल्या शाळेतल्या कित्येक आयांनी मुलांना शाळेत पाठवितानासुद्धा दोनदा विचार केला. विश्वस्त मंडळाने सहली थांबविल्या, आणि त्या वेळी तो निर्णय योग्यच होता. सभेत आम्हीही हात वर केला होता.

पण थांबविलेली गोष्ट किती दिवस थांबवायची, हा प्रश्न राहतोच. सातवीच्या चौदा मुलांपैकी नऊ जणांनी उकाई धरण पाहिलेले नाही. त्यांच्या घरच्या नळाला येणारे पाणी तिथूनच येते. सोनगडचा किल्ला एकानेही पाहिलेला नाही. म्हणून आम्ही मुलांना सांगितले, "सहल तुम्ही आखा. कागदावर पूर्ण आखा. ती कच्ची निघाली तर आम्हीच नाही म्हणू. पक्की निघाली तर आम्ही ती विश्वस्तांपुढे ठेवू." पुढचे सहा तास आम्ही भूगोल व गणिताच्या तासिकांतून घेतले. त्या सहा तासांत जे शिकविले आणि जे मुलांकडून शिकलो, ते येथे क्रमाने देत आहोत. मोठ्या कंपनीच्या ठरलेल्या पॅकेजात न जाता स्वतःची गाडी ठरवून कुटुंबासह एक दिवस जाणाऱ्या पालकांनाही याचा उपयोग व्हावा.

पाठ पहिला : ठिकाणे कमी करा

पहिल्या दिवशी फळ्यावर मुलांनी नऊ ठिकाणे लिहिली. बारडोलीचा स्वराज आश्रम, व्यारा, पदमडुंगरी, डोसवाडा, सोनगडचा किल्ला, उकाई धरण, काकरापार, नवापूरचे रेल्वे स्टेशन आणि सापुतारा. एका दिवसात!

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही अशीच सात ठिकाणांची सहल काढली होती. मुलांनी प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा चढायचे. शेवटची दोन ठिकाणे अंधारात "पाहिली". रात्री पावणेबाराला गाडी कामरेज चार रस्त्यावर आली तेव्हा पालक रस्त्याच्या कडेला तीन तास उभे होते. दुसऱ्या दिवशी मुलांना काय पाहिले म्हणून विचारले, तर बहुतेकांना दुपारचे श्रीखंड तेवढे आठवत होते.

म्हणून नियम असा केला की एका दिवसात तीनच ठिकाणे. एक मोठे, एक मध्यम, एक लहान. मोठ्या ठिकाणाला अडीच तास, मध्यमाला सव्वा तास, लहानाला एक तास. काकरापारचे अणुवीज केंद्र आपोआप गळाले, कारण तिथे कोणालाही सहज आत जाता येत नाही. सापुतारा डोंगरात आहे, त्याला स्वतंत्र दिवस हवा. मतदान झाले आणि सोनगड, उकाई व बारडोली ही तीन उरली.

नवापूर खोडताना मात्र वर्ग गप्प झाला. नवापूर स्टेशनाची गंमत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दोन राज्यांची सीमा त्या फलाटावरून जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. एका मुलीने विचारले, "सर, महाराष्ट्रात एक पाय ठेवून लगेच परत यायचे. पाच मिनिटे. तेवढेही नाही?" आपल्या मुलांचा हा प्रश्न साधा नाही. त्यांच्या आजीचे गाव तिकडे आहे आणि ती स्वतः कधी गेलेली नाहीत. पण सोनगडहून नवापूर सुमारे पंचवीस किलोमीटर पुढे. जाणे-येणे आणि थांबणे धरून दोन तास जातात, आणि गुजरातची भाड्याची गाडी महाराष्ट्रात न्यायची तर परमिटचा व कराचा प्रश्न येतो. दोन तास म्हणजे सबंध उकाई. मुलांनीच शेवटी ते नाव खोडले. काय सोडायचे हे ठरविणे जड जाते. तो या पाठातला सर्वांत अवघड भाग होता.

पाठ दुसरा : किलोमीटर आणि तास

नकाशा घ्या. कामरेजहून दक्षिणेला कडोदऱ्यापर्यंत मुंबईचा महामार्ग. त्याचा जुना क्रमांक ८, आताचा ४८. कडोदऱ्याहून पूर्वेला वळले की धुळ्याचा महामार्ग. जुना ६, आताचा ५३. त्यावर क्रमाने बारडोली, व्यारा आणि सोनगड लागतात. कामरेज ते सोनगड सुमारे ऐंशी किलोमीटर, तिथून उकाई सुमारे बारा. जाऊन-येऊन एकशे नव्वदच्या आसपास हिशेब धरला.

मुलांनी लगेच भागाकार केला. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सोनगड एक तास वीस मिनिटांत. आम्ही विचारले, "कडोदरा चौकडीवर सकाळी गिरण्यांची पाळी सुटते, तेव्हा किती वेळ जातो?" दोघांचे वडील तिथल्या मिलमध्येच कामाला आहेत. त्यांनी सांगितले, "कधी कधी वीस मिनिटे." पुढे हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, कारण बारडोलीच्या साखर कारखान्याचा हंगाम चालू असतो. तेव्हा एक तास वीस मिनिटांचे पावणेदोन तास झाले. शिवाय नाश्त्याचा थांबा.

घरून निघण्यापूर्वी ज्याने तो रस्ता अलीकडे केला आहे त्याला विचारा. मोबाईलवरचा नकाशा अंतर बरोबर सांगतो. मुलांना उलट्या होणार, त्यासाठी गाडी थांबवावी लागणार, हे तो सांगत नाही.

पाठ तिसरा : घड्याळ उलटे चालवा

मुलांनी वेळापत्रक सकाळपासून लिहायला घेतले. आम्ही सांगितले, रात्रीपासून लिहा.

यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण वर्गात दिले. वेस्ट इंडीजच्या संघाला दोन वेळा, २०१२ आणि २०१६ मध्ये, टी-२० विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी सेंट लुसिया या बेटाचा. कॅरिबियन समुद्रातले हे छोटे बेट. तिथे मोठी प्रवासी जहाजे येतात. सकाळी लोक उतरतात, संध्याकाळी जहाज निघते. मधल्या सात-आठ तासांत बेट पाहायचे. पाहण्यासारखे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे पिटाँ नावाची दोन टोकदार शिखरे. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बंदरापासून अंतर फक्त चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता घाटाचा व वळणांचा, म्हणून एका बाजूने तासाहून अधिक लागतो. जो प्रवासी आधी पाहणे आणि मग परतणे असा विचार करतो, त्याचे जहाज सुटते. कॅप्टन कोणासाठी थांबत नाही. म्हणून शहाणा प्रवासी जहाजाची वेळ आधी लिहितो, त्यातून एक-दीड तास हातचा ठेवतो, आणि जे उरले त्यात बेट बसवितो.

आपले जहाज म्हणजे सूर्य. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधार पडण्याआधी गाडी कामरेजला लागली पाहिजे, ही पहिली ओळ. तिथून मागे मागे येत वर्गाने तयार केलेले वेळापत्रक असे :

सायं. ६.०० कामरेज परत
५.०० बारडोलीहून निघणे
४.०० ते ५.०० स्वराज आश्रम, बारडोली
२.१५ उकाईहून निघणे
१.०० ते २.१५ धरण पाहणे
१२.०० ते १.०० जेवण व विश्रांती
११.३० सोनगडहून निघणे
८.४५ ते ११.१५ किल्ला
८.३० सोनगड
मध्ये २० मिनिटे व्यारा येथे नाश्ता
सकाळी ६.१५ कामरेजहून निघणे
६.०० शाळेच्या फाटकाशी जमणे

पाहा, बारडोली जाताना आधी लागते, पण आम्ही ती परतीच्या वाटेवर ठेवली. सकाळी सातला संग्रहालय उघडे नसते, आणि किल्ला चढायचा तर ऊन चढण्याआधी. सर्वांत दूर आणि सर्वांत दमविणारे आधी, सर्वांत जवळचे व बसून पाहण्याचे शेवटी. संग्रहालयाचा सुट्टीचा वार कोणता हे दोन दिवस आधी फोन करून विचारायचे. धरणाच्या भिंतीवर जायचे असेल तर पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी मागवायची. ती न मिळाल्यास भिंत दुरून पाहायची, दारावर हुज्जत घालायची नाही.

पाठ चौथा : गाडी ठरविणे

चौदा विद्यार्थी, दोन शिक्षक व एक पालक. एकूण सतरा. सतरा आसनांची टेंपो ट्रॅव्हलर पुरेशी होते. "सर, अजून तिघे बसतील की मधल्या वाटेत स्टूल टाकून," असे एकाने सुचविले. आम्ही उत्तर दिले नाही, फक्त फळ्यावर हरणी असे लिहिले. तो स्वतःच खाली बसला.

गाडी ठरविताना विचारायच्या गोष्टी मुलांनी वहीत लिहिल्या. गाडीची पाटी पिवळी आहे का? पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे कायद्यात बसत नाही आणि अपघात झाल्यास विमा अडतो. आरसी, विमा, फिटनेस व चालकाचा परवाना यांच्या तारखा चालू आहेत का? चालक आदल्या रात्री दुसऱ्या भाड्यावर होता का? हा शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीने सुचविला. तिचे वडील ट्रक चालवितात. आमच्या यादीत तो नव्हता.

भाडे ठरविताना आधी सर्व बोलून घ्यावे. दर किलोमीटरचा भाव काय, दिवसाचे किमान किलोमीटर किती धरणार, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग कोणाकडे. सेंट लुसियातही टॅक्सीवाला दिवसभराचा वाटाड्या होतो, आणि तिथेही बसण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो : हा भाव कोणत्या डॉलरमध्ये? तिथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो आणि अमेरिकन डॉलरही. एक अमेरिकन डॉलर म्हणजे त्यांचे २.७० डॉलर. ज्याने विचारले नाही तो पावणेतीन पट पैसे मोजतो. आपल्याकडे डॉलर नाही, पण "टोल वेगळा हं साहेब" हे वाक्य परतल्यावर ऐकू येते. ते सकाळी ऐकावे.

पाठ पाचवा : खर्चाचा हिशेब

खालील दर उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष दर तीन ठिकाणी विचारून लिहावेत.

गाडी : किमान ३०० कि.मी. × २२ रु. = ६,६०० रु.
चालक भत्ता = ५०० रु.
टोल व पार्किंग = ४०० रु.
जेवण : १७ × १५० रु. = २,५५० रु.
पाणी, औषधे, इतर = ४५० रु.
एकूण = १०,५०० रु.
अडीअडचणीसाठी दहा टक्के = १,०५० रु.
एकंदर = ११,५५० रु.

चौदा विद्यार्थ्यांत वाटल्यास प्रत्येकी ८२५ रु. येतात.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आम्ही ते पाहिले. हिऱ्याच्या कारखान्यांत काम कमी झाले की पहिला परिणाम शाळेच्या फीवर होतो, हे आमच्याइतके कोणाला माहीत? पण मुलांनी तोडगा आमच्याआधी काढला. "जेवण घरून आणू." जेवणाचे २,५५० रु. गेले की एकूण ७,९५० उरतात, दहा टक्क्यांसह ८,७४५, म्हणजे प्रत्येकी सुमारे ६२५ रु. दोनशे रुपये वाचले. शिवाय दशम्या, कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी एकत्र उघडली तर हॉटेलच्या थाळीपेक्षा जेवण चांगले होईल. आणि ज्यांना तेही जड आहे, त्यांनी आमच्या कार्यालयात यावे. वर्गात कोणाला कळणार नाही.

पाठ सहावा : डोकी मोजणे

त्याच जुन्या सहलीतली दुसरी गोष्ट आम्ही आजवर फार थोड्यांना सांगितली होती. दुपारच्या जेवणानंतर गाडी निघाली आणि सात-आठ किलोमीटरवर गेल्यावर पाचवीतला एक मुलगा नाही हे लक्षात आले. गाडी वळविली. तो हॉटेलच्या ओट्यावर बसलेला होता. रडत नव्हता. म्हणाला, "मला वाटले तुम्ही याल." वीस मिनिटे तो एकटा होता. आम्ही दोन शिक्षक होतो, आणि प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने मोजले. चूक आमची होती. मुलाच्या आईला आम्ही त्याच रात्री सांगितले. तिने काही बोलले नाही, हेच जास्त लागले.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा. मोजणारा एकच, त्याचे नाव लिहिलेले. मोजणी गाडी सुरू होण्याआधी, मोठ्याने, एक ते सतरा, प्रत्येकाने आपला आकडा स्वतः म्हणायचा. शिवाय विद्यार्थ्यांच्या जोड्या. जोडीदार दिसत नसेल तर ते सांगणे ही चहाडी नाही, काम आहे. प्रत्येकाच्या खिशात कागद, त्यावर नाव, घरचा फोन आणि शाळेचा फोन. ज्याला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी आहे, ते पालकांनी संमतिपत्रावर लिहावे, लपवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर संकटात ११२ हे आकडे पाठ असावेत.

आणि पाण्याचा नियम. या सहलीत बोट नाही. जलाशयात पाय बुडविणे नाही, काठावर रांगेतून बाहेर जाणे नाही. पुढे कधी बोटीची सहल निघालीच, तर प्रत्येकाच्या अंगावर बांधलेले लाइफ जॅकेट दिसल्याशिवाय आमची मुले बोटीत पाय ठेवणार नाहीत. जॅकेट बोटीच्या कोपऱ्यात ठेवलेले चालणार नाही.

पाठ सातवा : पाहण्यापूर्वी वाचा

जे आधी माहीत असते तेच डोळ्यांना दिसते. म्हणून तिन्ही ठिकाणांची थोडी माहिती.

या रस्त्याविषयी आधी. स्वातंत्र्यापूर्वी आपले कामरेज गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात होते. व्यारा आणि सोनगडही गायकवाडी. पण मधली बारडोली इंग्रजांची. म्हणजे आपली गाडी ज्या रस्त्याने दोन तासांत जाईल, त्यावर तुमच्या पणजोबांनी राज्य दोनदा बदलले असते. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० पासून आपण गुजरात राज्यात आहोत. आपल्यापैकी काही घराणी गायकवाडी नोकरीत आली, बहुतेक कुटुंबे मागाहून खानदेशातून पोटासाठी आली. दोघांचाही रस्ता हाच.

सोनगड. गायकवाडांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील दावडी. पिलाजीराव गायकवाड यांनी १७१९ मध्ये सोनगड घेतले आणि तिथे आपले ठाणे केले. बडोदे हे नाव आपण गायकवाडांशी जोडतो, पण त्यांची पहिली गादी सोनगडची. पिलाजीरावांचा १७३२ मध्ये डाकोर येथे घात झाला. त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी राज्य वाढविले आणि १७६६ पर्यंत सोनगडचे महत्त्व टिकले. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पानिपत आणि प्लासी आम्ही पाठ केले होते, पण घरापासून ऐंशी किलोमीटरवर ही गोष्ट उभी आहे हे आम्हांला चाळिशीनंतर कळले. मुलांना ते सातवीत कळावे.

किल्ला पाहताना आणखी एक लक्षात ठेवा. हा डोंगर आणि हे रान मराठे येण्यापूर्वी भिल्लांचे होते. पिलाजीरावांनी तो त्यांच्याकडून घेतला. "आपला किल्ला" म्हणताना तेही म्हणावे. आणि त्याच सोनगडात महाराजा सयाजीराव यांनी १८८५ च्या सुमारास आदिवासी मुलांसाठी वसतिगृह-शाळा काढली. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातून १८७५ मध्ये गादीवर दत्तक आलेले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. किल्ला उतरताना सोनगड गावाकडे पाहाल तेव्हा त्या शाळेची आठवण ठेवा.

उकाई. तापीवरील हे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. मातीचे व दगडी बांधकामाचे मिळून भिंतीची लांबी सुमारे पाच किलोमीटर, उंची सुमारे ८१ मीटर. दरवाजे २२. मागच्या जलाशयाचे नाव वल्लभसागर. ३४५ फूट हा आकडा सुरत जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात पावसाळ्यात बोलला जातो. ती जलाशयाची पूर्ण पातळी. ऑगस्ट २००६ मध्ये पाणी सोडावे लागले तेव्हा सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. घरच्या मोठ्यांना विचारा, माळ्यावर किती दिवस काढले. १९६८ चा पूर आठवणारे आजोबाही आपल्यात आहेत. तेव्हा हे धरण नव्हते.

धरणाने शेतीला पाणी दिले, वीज दिली. पण वल्लभसागराच्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावे पूर्ण गेली आणि इतर कित्येकांची जमीन गेली. त्यातली बहुतेक माणसे आदिवासी होती. त्यांच्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज ऊसतोडीला येतात. सकाळी रस्त्यावर जो उसाचा ट्रॅक्टर आपल्याला उशीर करील, त्यावर बसलेल्या मुलाकडे नीट पाहा. तो तुमच्याच वयाचा असेल आणि त्या दिवशी शाळेत नसेल.

बारडोली. १९२२ मध्ये येथे स्वराज आश्रम सुरू झाला. इंग्रज सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, म्हणून फेब्रुवारी १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. जप्त्या झाल्या, गुरे नेली, पण लोक हलले नाहीत. ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. वल्लभभाईंना सरदार हे नाव येथे मिळाले. संग्रहालयात फोटो पाहताना बायकांकडे लक्ष द्या. त्या सभेत मागे बसलेल्या नाहीत.

विश्वस्त मंडळास

मुलांनी हा सर्व आराखडा अकरा पानांवर लिहून आमच्याकडे दिला आहे. त्यात गाडीची कागदपत्रे तपासण्याची यादी, संमतिपत्राचा नमुना, मोजणीचा तक्ता व नकाशा आहे. आम्ही तो तीन वेळा वाचला. एक चूक काढली : औषधांच्या पेटीत उलटीच्या पिशव्या लिहिल्या नव्हत्या. त्या आता लिहिल्या आहेत.

मागच्या सभेत एका आदरणीय सभासदांनी विचारले होते, "काही झाले तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. उत्तर आराखड्याच्या पहिल्या पानावर आमच्या सहीने आहे. जबाबदारी मुख्याध्यापकाची. मोजणारी व्यक्ती म्हणूनही आमचेच नाव आहे. पूर्वी ते कोणाचेच नव्हते, म्हणून एक मूल ओट्यावर राहिले.

मंडळाने परवानगी द्यावी ही विनंती. न दिल्यास मुलांना कारण आम्ही सांगू आणि आराखडा पुढच्या वर्षासाठी कपाटात जपून ठेवू. तरी पालकांनी आपले मत, बाजूने असो वा विरुद्ध, लेखी कळवावे.

आणि नवापूरविषयी. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला तिने अकराव्या पानाच्या तळाशी लहान अक्षरांत लिहिले आहे : "पुढची सहल उधन्याहून रेल्वेने. गाडीचे परमिट लागत नाही." तापी खोऱ्याची ही लाईन नवापूरवरूनच जाते. आम्ही ती ओळ खोडलेली नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या घरापासून साठ किलोमीटरच्या आतली पाच ठिकाणे लिहा. त्यातली दोन खोडा आणि का खोडली ते तीन ओळींत लिहा.
२. घरी परतण्याची वेळ सायंकाळी ६ धरून वरीलप्रमाणे उलटे वेळापत्रक तयार करा.
३. सहलीत चौदाऐवजी बाराच विद्यार्थी आले, गाडीचे भाडे तेवढेच राहिले व जेवण घरून आणले, तर प्रत्येकी किती रुपये येतील?
४. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा : ते कामरेजला प्रथम कोणत्या वर्षी, कोणत्या रस्त्याने व कोणत्या वाहनाने आले? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.